'माझा शेजारी कोण?' ख्रिस्ती शेजारधर्म म्हणजे काय आणि तो रोजच्या जगण्यात कसा दिसतो?

हायवेवर अपघात झालाय. एक माणूस रस्त्याच्या कडेला पडलाय. चार गाड्या जरा हळू होतात, दोन मोबाइल बाहेर येतात, व्हिडिओ निघतो आणि गाड्या पुढे जातात. थांबायची इच्छा काहींना असते, पण डोक्यात भीती एकच: उगाच पोलिसांचं लचांड मागे लागायचं.

ही भीती कमी व्हावी म्हणून आपल्याकडे कायदा झालाय. अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांना 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचं बळ दिलं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन 134 अ हे कलम आलं. चांगल्या हेतूने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत करणाऱ्याला या कलमाने संरक्षण मिळतं. अशा माणसाला कायद्यात नाव आहे 'गुड समॅरिटन'.

हे नाव येशूने सांगितलेल्या एका गोष्टीतून आलंय. मराठी बायबलमध्ये समॅरिटनला 'शोमरोनी' म्हणतात, म्हणून मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट 'चांगला शोमरोनी' या नावाने ओळखतात. शेजाऱ्याला मदत करणं हा ख्रिस्ती श्रद्धेचा इतका मोठा भाग का आहे, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

गोष्ट नेमकी काय आहे?

ती लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात आहे. धर्मशास्त्र जाणणारा एक माणूस येशूला विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला काय करू? येशू त्यालाच विचारतो, शास्त्र काय सांगतं? तो बरोबर उत्तर देतो: देवावर पूर्ण मनाने प्रेम करायचं आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करायचं. यातली शेजाऱ्याबद्दलची आज्ञा येशूच्याही आधीची आहे. ती ज्यू धर्मग्रंथात, लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात येते.

पण शास्त्री तिथे थांबत नाही. तो पुढचा प्रश्न टाकतो, माझा शेजारी कोण? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक पळवाट आहे. शेजारी कोण ते ठरलं की शेजारी कोण नाही हेही ठरतं. मग तेवढी माणसं सोडून द्यायला आपण मोकळे.

उत्तरादाखल येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता ओसाड डोंगरातून जातो आणि पंचवीसेक किलोमीटरमध्ये जवळपास हजार मीटर खाली येतो. लुटारूंना सोयीचा. तिथे एका प्रवाशाला लुटारू मारहाण करतात आणि अर्धमेला टाकून जातात. देवळातला एक याजक येतो, बघतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. मंदिराच्या सेवेतला एक लेवीही तेच करतो. तिसरा येतो तो शोमरोनी. तो थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. रात्रभर काळजी घेतो. सकाळी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असं सांगतो. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी.

आता येशू प्रश्न उलटा करतो. या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? 'माझा शेजारी कोण' याची जागा 'मी कुणाचा शेजारी होतो' या प्रश्नाने घेतली. म्हणजे शेजारी हे नातं पत्त्यावरून ठरत नाही, ते कृतीने तयार होतं.

शोमरोनीच का?

आज 'समॅरिटन' म्हटलं की भला माणूस डोळ्यापुढे येतो. येशूच्या श्रोत्यांच्या कानाला तो शब्द खुपणारा होता. ज्यू आणि शोमरोनी एकाच देवाला मानत, मोशेचं नियमशास्त्रही दोघांचं. पण उपासनेची खरी जागा कोणती, यरुशलेम की गरिज्जीम डोंगर, यावरून पिढ्यान्पिढ्या वैर होतं. येशूच्या शंभरेक वर्षं आधी एका ज्यू राज्यकर्त्याने गरिज्जीमवरचं शोमरोनी मंदिर पाडलं होतं.

योहानाच्या शुभवर्तमानात याचा रोजच्या व्यवहारातला पुरावा सापडतो. येशू विहिरीवर बसलेला असताना एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. ज्यू असून माझ्या हातचं पाणी कसं मागतोस, असं तिला वाटतं, कारण दोन्ही समाजांत असा व्यवहार नसे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

हे लक्षात घेतलं की चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतली खोच कळते. शास्त्र्याला येशू असं सांगत नाही की तू जाऊन एखाद्या शोमरोन्याला मदत कर. तो सांगतो की रस्त्यावर पडलेला तुझ्यासारखाच कुणीतरी आहे आणि त्याला उचलणारा हात शोमरोन्याचा आहे. म्हणजे प्रश्न फक्त कुणाला द्यायचं एवढाच नाही. कुणाच्या हातून घ्यायची आपली तयारी आहे, हाही आहे. गोष्ट संपल्यावर त्या शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढंच तो म्हणतो.

दानधर्म आणि शेजारधर्म यात फरक काय?

मराठीत 'शेजारधर्म' हा शब्द आहेच. बाहेरगावी जाताना किल्ली शेजारी ठेवणं, घरात आजारपण असेल तर डबा पोचवणं, रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत जाणं. यात देवाणघेवाण असते. आज मी, उद्या तू. दानात मात्र देणारा वर आणि घेणारा खाली राहू शकतो.

ख्रिस्ती शिकवण या दोन्ही गोष्टींना हात घालते. शेजारधर्म ओळखीच्या दारापुरता ठेवू नका, परक्यापर्यंत न्या. आणि दान करताना त्या माणसाच्या डोक्यावर बसू नका. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू बजावतो की दानाचा गाजावाजा करू नये, उजवा हात काय करतो ते डाव्यालाही कळू नये. पाच किलो धान्याच्या पिशवीबरोबर दहा जणांचा फोटो टाकणाऱ्या प्रत्येकाला हा नियम अडचणीत आणतो, मग तो ख्रिस्ती असो वा नसो. त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं चित्र आहे. तिथे विचारणा होते ती भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट यांची. यातल्या बहुतेक गोष्टी करायला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो.

हे सुरुवातीपासून असंच होतं का?

तिसऱ्या शतकाच्या मध्यात रोमन साम्राज्यात भयंकर साथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने लिहून ठेवलंय की त्याच्या मंडळीतल्या लोकांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यात कित्येकांचा जीव गेला. हा झाला घरचा साक्षीदार. विरोधकाची साक्षही आहे. चौथ्या शतकातला सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवदेवतांकडे वळला होता. त्याच्या नावाने असलेल्या एका पत्रात तक्रार आहे की हे लोक स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आपले लोक मात्र काही करत नाहीत.

पुढे 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना जमवून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. गरिबांसाठी कार्यालय उघडून त्यांना रांगेत उभं करण्याऐवजी सदस्यांनीच त्यांच्या घरी जायचं, ही त्यांची पद्धत. आजही मुंबई, वसई, गोव्यातल्या अनेक चर्चमध्ये या सोसायटीचे गट आहेत. सदस्य नियमित बैठक घेतात, शक्यतो दोघे मिळून एखाद्या कुटुंबाकडे जातात, बसतात, बोलतात आणि लागेल ती मदत गाजावाजा न करता पोचवतात.

महाराष्ट्रात शेजारी होण्याची कसोटी कुठे लागली?

पाण्यापाशी. कवी नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या आणि काही वर्षं दोघं वेगळे होते. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं, वेगळी चूल, वेगळं पाणी चालूच होतं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण हातचं पाणी कुणाचं चालतं आणि कुणाचं नाही, ही गाठ त्याआधीच मनातून सुटत गेली होती. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःवर हसत सांगितलंय. पोथीतला उपदेश पटणं सोपं, पेला तोंडाला लावणं अवघड, हे त्यांच्याइतकं प्रामाणिकपणे क्वचितच कुणी लिहिलं असेल.

जामखेडमध्ये काय घडलं?

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. 1960 मध्ये लग्न करतानाच त्यांनी खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं ठरवलं होतं. सुरुवातीला ते नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि त्याच आजाराने परत येतो. कारण गढूळ पाणी तेच, उपासमार तीच. अमेरिकेत पुढचं शिक्षण घेऊन परतल्यावर 1970 मध्ये त्यांनी जामखेड या दुष्काळी तालुक्यात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

आधी त्यांनी प्रशिक्षित नर्सना गावात ठेवून पाहिलं. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या एकट्या बाईला गावात राहणं कठीण आणि गावालाही ती परकी. मग गावातल्याच बायका निवडायचं ठरलं. निवड गावाने करायची. निवडल्या गेलेल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि अनेक जणी दलित समाजातल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन करायच्या. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. मुलांची वजनं घ्यायची. गरोदर बाईवर लक्ष ठेवायचं, सुरक्षित बाळंतपण करायचं. क्षय आणि कुष्ठरोगाच्या रुग्णाला औषध चुकू द्यायचं नाही आणि त्याला घराबाहेर काढू नका म्हणून घरच्यांना समजवायचं.

यात एक मोठी अडचण होती, जात. सवर्ण घरातल्या बाळंतिणीला दलित बाईने हात लावायचा आणि घराने तो लावू द्यायचा, ही 1970 च्या दशकातल्या खेड्यात लहान गोष्ट नव्हती. शोमरोन्याच्या गोष्टीतला प्रश्न इथे उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. मदत हवी असेल तर ती कुणाच्या हातून येते हे विसरावं लागणार होतं. 1972 च्या दुष्काळात हेच पाण्याबाबत घडलं. प्रकल्पाने हातपंप घेताना ते जाणूनबुजून दलित वस्तीत घेतले. ज्या वस्तीला गावच्या विहिरीवर मज्जाव असायचा, तिथे आता सगळं गाव हंडे घेऊन यायला लागलं. लहान मुलांसाठी सुरू झालेल्या सामूहिक स्वयंपाकघरात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली.

परिणाम आकड्यांतही दिसला. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये दर हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण तीसच्या खाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडचं काम जगापुढे आलं. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्याच बाईला आरोग्याचं काम सोपवण्याची कल्पना पुढे 2005 नंतर 'आशा' योजनेतून देशभर पोचली. मेबल 1999 मध्ये आणि रजनीकांत 2011 मध्ये गेले. प्रकल्प आजही सुरू आहे.

या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांना 1988 मध्ये वॉशिंग्टनमधल्या आरोग्य परिषदेत बोलायला बोलावलं होतं. सभागृहात मोठमोठी झुंबरं होती. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि हात न पोचणारे. मग त्यांनी दोन छोटे दिवे काढले. एक पेटवला, त्यावरून दुसरा लावला. आम्ही अशा आहोत, असं त्या म्हणाल्या. स्वस्त, साध्या, पण एकीवरून दुसरी पेटते.

मदतीमागे धर्मांतर असतं का?

हा प्रश्न विचारला जातो आणि तो टाळून चालणार नाही. पंडिता रमाबाईंना तो 1893 मध्येच झेलावा लागला. त्यांनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातंय, अशी टीका 'केसरी'तून झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की त्यांनी आपली प्रार्थना लपवली नाही आणि कुणावर लादलीही नाही. वाद मिटला नाही. त्यानंतर 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. अन्नाबरोबर विणकाम, छपाई, शेती असे पोटापाण्याचे उद्योगही त्यांना शिकवले. तिथल्या पुष्कळ जणींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हेही खरं आहे. भुकेल्या माणसाची निवड किती मोकळी असते, हा प्रश्न म्हणूनच अवघड आहे.

चर्चच्या आतूनही त्याला उत्तर दिलं गेलंय. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं की सेवेचा वापर धर्मप्रसाराचं साधन म्हणून करू नये, कारण प्रेम फुकट असतं, ते दुसरं काही साधायला केलं जात नाही. शोमरोन्याची गोष्टही हेच सांगते. जखमी माणसाला त्याने गरिज्जीमवर येऊन उपासना कर असं सांगितलं नाही. त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. मदत खरी की आमिष, हे ओळखायची खूण सोपी आहे. समोरचा नाही म्हणाला, तरी मदत चालू राहते का?

मग रोजच्या जगण्यात काय करायचं?

प्रत्येकाला जामखेड उभं करायचं नसतं. शोमरोनीही आपल्या कामासाठी निघाला होता आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला गेलाच. त्याने केलेल्या गोष्टी नीट पाहिल्या तर त्यातच रोजची रीत सापडते.

तो आधी थांबला. सोसायटीत एकट्या राहणाऱ्या आजींचं दार दोन दिवस उघडलेलं नाही, हे लक्षात यायला थांबावंच लागतं. त्याने जवळ होतं तेच वापरलं. तेल, द्राक्षारस, स्वतःचं जनावर. आपल्याकडे स्कूटर असेल, बँकेचा किंवा दवाखान्याचा फॉर्म भरता येत असेल, रक्तगट जुळत असेल, एका मुलाचं गणित घेण्याइतकी संध्याकाळ मोकळी असेल.

त्याने काम दुसऱ्यावरही सोपवलं. उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि जबाबदारी वाटून घेतली. आजाऱ्याच्या घरी डबा द्यायचा तर चार घरांनी वार वाटून घ्यावेत, म्हणजे तो महिनाभर टिकतो. आणि तो परत येणार होता. बहुतेक मदत पहिल्या दिवशी मिळते. मयताच्या घरी तेराव्यापर्यंत माणसं असतात. खरं एकटेपण नंतर सुरू होतं, तेव्हा जाणाऱ्याची किंमत कळते.

शेवटचं सगळ्यांत अवघड. ज्याच्या घरचं आपण आजवर कधी काही घेतलं नाही, त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचा. आपल्याला अडचण असेल तेव्हा त्यालाही हाक मारायची. नुसतं देत राहणारा माणूस दाता होतो. शेजारी व्हायचं तर कधीतरी त्याच्या दारात जाऊन वाटीभर साखर मागावी लागते.